भाडेकराराची घरबसल्या नोंदणी: महाराष्ट्राच्या ऑनलाइन लिव्ह अँड लायसन्स सेवेचं परीक्षण

एक-दोन फ्लॅट भाड्याने देणाऱ्या घरमालकाला दर वर्षा-दोन वर्षांनी एका सरकारी सेवेशी हमखास गाठ पडते. नोंदणी व मुद्रांक विभागाची भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी, म्हणजे बोलीभाषेत 'ऑनलाइन अ‍ॅग्रिमेंट', ती ही सेवा. ती वापरावी का? नक्की वापरावी. राहण्यासाठी दिलेल्या घराचा साधा करार असेल तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रांग लावण्याचं काहीच कारण उरलेलं नाही. पण प्रणाली तपासते फक्त रकाने भरलेत की नाहीत. रकान्यात काय भरलंय याची काळजी ती घेत नाही. पुढे वाद झाला की कामी येतो किंवा अंगावर येतो तो नेमका हाच मजकूर. म्हणून या परीक्षणात माहिती भरण्याच्या टप्प्यावर जास्त भर आहे. बाकीचं यंत्र बऱ्यापैकी चालतं.

आधी नोंदणी का, हे स्पष्ट असावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायची फक्त परवानगी देणारा करार) लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार ११ महिन्यांचा असो की ३६ महिन्यांचा. '११ महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही' हा समज इतर राज्यांतल्या नियमावरून आलेला आहे. महाराष्ट्रात त्याला आधार नाही. नोंदणी नसेल तर दोन परिणाम होतात. एक, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षेची तरतूद आहे. दुसरा जास्त महत्त्वाचा: अटी काय ठरल्या होत्या यावर वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, आणि त्या चुकीच्या आहेत हे सिद्ध करण्याचं ओझं मालकावर येतं. नोटरीचा शिक्का मारलेला स्टॅम्प पेपर या कलमाची पूर्तता करत नाही. तो स्वस्तात मिळतो, म्हणून अजूनही चालतो, आणि अडचणीच्या दिवशी उपयोगी पडत नाही.

नोंदणी केलेल्या कराराचं खरं बळ कलम २४ मध्ये आहे. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपल्यावर सोडली नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतो. लेखी करारात नमूद केलेली गोष्ट तिथे निर्णायक पुरावा मानली जाते. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन परवानगी घेतल्याशिवाय भाडेकरूला अर्जाला विरोधही करता येत नाही. मुदतीनंतर जागा अडवून ठेवल्याच्या काळासाठी लायसन्स फीच्या, म्हणजे करारातल्या भाड्याच्या, दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. हा सगळा आधार करारातल्या तारखा, रक्कम आणि वापराचा उद्देश या तीन गोष्टींवर उभा असतो. त्यांपैकी एक जरी चुकीची टाइप झाली तरी कलम तेच राहतं, पण हातातलं हत्यार बोथट होतं.

खर्चाचा हिशेब कोणालाही स्वतः करता येतो, आणि करावाच. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते पूर्ण मुदतीचं भाडं, परत न होणारी रक्कम असल्यास ती, आणि परत होणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज या तिन्हींच्या बेरजेवर लागतं. समजा भाडं २०,००० रुपये, डिपॉझिट १,००,००० रुपये आणि मुदत ३६ महिने. भाड्याचे ७,२०,००० रुपये, डिपॉझिटवरच्या तीन वर्षांच्या मानीव व्याजाचे ३०,००० रुपये, मिळून ७,५०,००० रुपये. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे १,८७५ रुपये. हाच करार ११ महिन्यांचा केला तर २,२०,००० अधिक सुमारे ९,१६७, म्हणजे शुल्क सुमारे ५७३ रुपये. भरायची अंतिम रक्कम प्रणाली दाखवते, तीच भरावी. याशिवाय नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये, आणि दस्त हाताळणी शुल्क वेगळं.

हे आकडे समोर असले की एक गोष्ट लगेच दिसते. नोंदणी फी दर करारामागे एकदाच लागते, मुदत कितीही असो. एजंटचे पैसेही दर करारामागेच जातात. त्यामुळे भाडेकरू भरवशाचा असेल तर २४ किंवा ३६ महिन्यांचा करार दर वर्षी नवा करण्यापेक्षा स्वस्त पडतो. वार्षिक भाडेवाढ त्यातच टप्प्याटप्प्याने लिहिता येते: पहिले १२ महिने इतके, पुढचे १२ महिने इतके. लायसन्स करार ६० महिन्यांपर्यंत या दरात बसतो. त्यापुढे शुल्काचा हिशेब भाडेपट्ट्याचा होतो. लांब मुदतीला नको म्हणायचं कारण एकच: मालकाला मधेच घर हवं असण्याची शक्यता. त्यावर उपाय लॉक-इन (ठरावीक महिने करार मोडता न येण्याची अट) आणि नोटिशीच्या अटींत आहे, मुदत आखूड करण्यात नाही.

आता सेवेच्या वापराकडे. विभागाच्या संकेतस्थळावर मालमत्तेचा जिल्हा निवडून पासवर्ड ठेवायचा, की टोकन नंबर मिळतो. पुढे मालमत्ता, पक्षकार, भाडं व मुदत, इतर अटी, साक्षीदार असे टप्पे भरायचे. मसुदा तयार होतो. मग शासनाच्या ग्रास प्रणालीवर शुल्क भरायचं, मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांचे फोटो व अंगठे घ्यायचे, आणि दस्त सादर करायचा. दुय्यम निबंधक तो ऑनलाइन तपासतात. त्रुटी नसेल तर डिजिटल सहीचा दस्त आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे सगळे ज्याला 'इंडेक्स टू' म्हणतात तो नोंदणीचा सारांश-उतारा, डाउनलोड होतो. मालक आणि भाडेकरू एकाच वेळी एकाच खोलीत असावे लागत नाहीत. मालक ठाण्यात, भाडेकरू नागपुरात, तरी अंगठे वेगवेगळे घेता येतात. लहान मालकाच्या दृष्टीने या सेवेतली सर्वांत मोठी सोय हीच.

टोकन नंबर आणि पासवर्ड स्वतःजवळ ठेवा. एजंटकडून काम करून घेत असाल तरी पहिल्या दिवशीच मागून घ्या. त्याशिवाय मसुदा पाहता येत नाही, त्रुटी आल्यावर दुरुस्त करता येत नाही, आणि नंतर दस्त डाउनलोड करायलाही त्याच माणसाच्या मागे लागावं लागतं.

मालमत्तेच्या रकान्यांत सर्वाधिक घाई होते. पत्ता आणि मालमत्तेचं वर्णन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इमारतीचं नाव, रस्ता, पिन कोड हा पत्ता झाला. नोंदणीसाठी गाव किंवा पेठ, सर्व्हे नंबर, सिटी सर्व्हे नंबर किंवा गट नंबर, फ्लॅट क्रमांक, मजला आणि क्षेत्रफळ लागतं. ही माहिती मालकाच्या स्वतःच्या खरेदीखताच्या इंडेक्स टूवर छापलेली असते. तो कागद समोर ठेवून, अक्षर न् अक्षर तसंच उतरवावं. वीजबिलावरून किंवा आठवणीने भरलेला गट नंबर हे त्रुटी निघण्याचं नेहमीचं कारण. क्षेत्रफळ चौरस फूट की चौरस मीटर, कार्पेट की बिल्टअप, तेही तपासा. एकक चुकलं तर ६०० चौरस फुटांचं घर ६०० चौरस मीटरचं होतं. पार्किंगची जागा भाड्यात धरली असेल तर तिचा उल्लेख इथेच करावा. इथे नसेल तर नंतर 'पार्किंग दिलं होतं की नव्हतं' हा वाद ठरलेला.

पक्षकारांच्या बाबतीत दोन नियम पाळावेत. फ्लॅट ज्यांच्या नावावर आहे ते सगळे मालक म्हणून यावेत. पती-पत्नी दोघांच्या नावावर घर आणि करारात एकच नाव, असे दस्त सर्रास नोंदले जातात. प्रणाली अडवत नाही. पण पुढे ताबा मागताना दुसऱ्या मालकाच्या संमतीचा प्रश्न उगाच उभा राहतो. एक मालक परदेशात असेल तर त्याचं कुलमुखत्यारपत्र आधी तयार ठेवावं. दुसरा नियम भाडेकरूंचा: घरात राहणारा प्रत्येक प्रौढ, कमावता माणूस परवानाधारक (करारात भाडेकरूला म्हणतात तो) म्हणून यावा. तीन नोकरदार मुलं मिळून घर घेतात आणि एकाच्याच नावावर करार होतो. तो एक सोडून जातो, उरलेले दोघे राहतात, आणि त्यांच्याशी मालकाचा कुठलाच लेखी संबंध उरत नाही. तिघांचीही नावं घालावीत आणि अटींमध्ये लिहावं की संपूर्ण भाड्याची जबाबदारी तिघांवर एकत्रितपणे आणि प्रत्येकावर स्वतंत्रपणेही राहील. नावं आधारवर आहेत तशीच घाला. वडिलांचं नाव मधे आहे की नाही, आडनाव आधी की शेवटी, इतक्या बारकाव्याने.

वापराचा उद्देश हा रकाना छोटा आहे, वजन मोठं आहे. कलम २४ चा जलद मार्ग राहण्यासाठी दिलेल्या जागेलाच आहे. दुकान किंवा कार्यालय दिलं तर मुदतीनंतर ताब्यासाठी दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते. मुंबईत लघुवाद न्यायालयाची. राहण्यासाठी दिलेल्या फ्लॅटमध्ये भाडेकरू क्लास घेणार असेल, ऑफिस थाटणार असेल, आणि मालकाने 'चालेल' म्हणून तसं करारात लिहून दिलं, तर त्याने स्वतःच्याच पायाखालचा आधार काढून घेतला. निवासी म्हणजे निवासीच लिहावं, आणि अटीत स्पष्ट करावं की इतर कोणताही वापर करता येणार नाही.

सुरुवातीची आणि शेवटची तारीख स्वतः मोजून बघा. १ जूनपासून ११ महिने म्हणजे ३० एप्रिलला संपतो, १ मे ला नाही. डिपॉझिट कधी, कोणत्या खात्यातून आलं, व्यवहार क्रमांक काय, हे करारात उतरवा. डिपॉझिट रोख घेऊन करारात कमी रक्कम दाखवणं मालकाच्या हिताचंही नाही: मुद्रांक शुल्क वाचतं अगदी थोडं, आणि परतफेडीच्या वेळी दोघांकडेही पुरावा नसतो. एक लाखाच्या डिपॉझिटवर ११ महिन्यांसाठी लागणारं शुल्क २५ रुपयांच्याही आत आहे. त्यासाठी एवढा धोका का पत्करायचा?

तयार मसुद्यात मूलभूत अटी असतात: देखभाल शुल्क कोणी भरायचं, वीजबिल कोणी भरायचं, बांधकामात बदल नको, पाहणीचा हक्क, नोटीस. त्या वाईट नाहीत, पण ढोबळ आहेत. इतर अटींचा रकाना हीच या सेवेतली सर्वांत उपयोगी जागा आहे, आणि बहुतेक करारांत ती रिकामी किंवा एजंटच्या साच्यातल्या चार ओळींनी भरलेली असते. तिथे पुढच्या गोष्टी आकड्यांसह लिहाव्यात. लॉक-इन किती महिने आणि ते मोडल्यास किती महिन्यांचं भाडं कापलं जाईल. भाडं महिन्याच्या कोणत्या तारखेपर्यंत खात्यात यायला हवं. सोसायटीचं देखभाल शुल्क मालक भरणार, पण दंड भाडेकरूच्या वागण्यामुळे आला तर तो कोणाचा. रंगकामाचं काय: घर सोडताना रंग लावून द्यायचा, की ठरावीक रक्कम डिपॉझिटमधून वजा. 'घर चांगल्या स्थितीत परत करावे' एवढंच लिहिलं की भिंतीवरच्या खिळ्यांची भोकं ही झीज आहे की नुकसान, यावर तासभर भांडण होतं. डिपॉझिट परत करण्याची मुदतही लिहा. वीज आणि पाइप गॅसचं शेवटचं बिल येईपर्यंत ठरावीक रक्कम अडवून ठेवण्याची मुभा त्यात असू द्या. मुद्रांक शुल्क आणि फी कोणी भरायची, तेही इथेच.

सामानाची यादी करारालाच जोडावी. 'गिझर १' लिहिण्यापेक्षा कंपनी, क्षमता आणि अनुक्रमांक लिहावा. पंखे, ट्यूब, एसीचे रिमोट, चाव्यांचे संच मोजून. ताबा देतानाचे वीजमीटरचं रीडिंग आणि खोल्यांचे तारखेसह काढलेले फोटो करारात जात नाहीत, पण दोघांनी एकमेकांना ईमेलने पाठवून ठेवावेत.

मसुदा पूर्ण वाचून झाल्याशिवाय शुल्क भरू नका. पैसे भरल्यावर भाडं किंवा मुदत बदलली तर रक्कम कमी पडते, त्रुटी निघते, आणि फरक भरण्याचा वेगळा खटाटोप होतो. जास्त भरलेले पैसे परत मिळवणं त्याहून किचकट. एकदा अंगठे उमटल्यावर मजकुरात हात घालता येत नाही, म्हणून मसुद्याची पीडीएफ भाडेकरूलाही आदल्या दिवशी पाठवावी. दोघांनी वाचलेली असावी. अंगठ्याच्या वेळी फोनच्या छोट्या पडद्यावर वाचून कोणाच्याच काही लक्षात येत नाही.

अंगठ्याचा टप्पा हा या सेवेचा सर्वांत त्रासदायक भाग आहे, आणि इथे सेवेला गुण कमी द्यावे लागतात. घरून करायचं तर बायोमेट्रिक यंत्र, वेबकॅम, इंटरनेट आणि यंत्राचा ड्रायव्हर नीट बसवलेला संगणक लागतो. वयस्कर मालकांचे, भांडी-धुणी किंवा बांधकामाचं काम करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात. यंत्र ते घेत नाही. अशा वेळी हात साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे करून बघावं. फारच कोरडी त्वचा असेल तर किंचित ओलसर करून. एक बोट चालत नसेल तर दुसरं. आधार केंद्रावर बोटांचे ठसे अद्ययावत करून घेणं हा खरा उपाय, आणि तो करार करायच्या बराच आधी करायला हवा. साक्षीदारांचेही ठसे लागतात, हे विसरून ऐन वेळी शेजाऱ्यांची धावपळ होते. साक्षीदार आधारसह तयार ठेवा.

स्वतः करावं की एजंटकडून? एखादाच फ्लॅट असेल आणि यंत्र नसेल, तर यंत्र घेण्यात अर्थ नाही. माहिती स्वतः भरून, मसुदा तयार करून, फक्त अंगठ्यांसाठी अधिकृत सेवापुरवठादाराला बोलावणं हा मधला मार्ग सगळ्यांत चांगला. शुल्काची पावती वेगळी आणि त्याची मजुरी वेगळी, असा हिशेब मागा. सरकारी रक्कम ग्रासच्या चलनावर छापलेली असते. चार-पाच घरं असणाऱ्यांनी मात्र यंत्र घेऊन स्वतः करायला हरकत नाही. भाडेकरू एखादी कंपनी असेल, किंवा कुलमुखत्यारपत्रात काही खोच असेल, तर थेट दुय्यम निबंधक कार्यालयात जावं. या प्रणालीत अशा दस्तांवर त्रुटी निघण्याची शक्यता जास्त.

दस्त सादर केल्यावर स्थिती स्वतः तपासत राहा. त्रुटी निघाली आणि कोणी बघितलंच नाही, असे अर्धवट दस्त पडून राहतात, आणि भाडेकरू मात्र घरात राहायला आलेला असतो. चावी इंडेक्स टू हातात आल्यावरच द्यावी. फार घाई असेल तर निदान दोन्ही बाजूंचे अंगठे झाल्यावर. नोंदणीसाठी दस्त निष्पादनापासून, म्हणजे सह्या-अंगठे झाल्यापासून, चार महिन्यांत सादर व्हावा लागतो, पण लायसन्सच्या करारात इतकं थांबण्याचं काही कारण नसतं.

नोंदणी झाल्यावर दोन प्रती ताबडतोब जाव्यात. एक सोसायटीला. भाड्याने दिलेल्या घरावर सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलची आकारणी) लावते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि या हिशेबात महापालिकेचे कर धरायचे नसतात. बिल त्याहून जास्त आलं तर आदेशाचा हवाला देऊन लेखी हरकत घ्यावी. दुसरी प्रत भाडेकरूच्या माहितीसह पोलिसांकडे, तुमच्या शहराच्या पोलिस पोर्टलवर किंवा ठाण्यात. पोच जपून ठेवावी. भाडेकरूलाही त्याची प्रत लागतेच: पत्त्याचा पुरावा म्हणून, आणि नोकरदार असेल तर घरभाडे भत्त्याची सवलत घेताना. वार्षिक भाडं १ लाखाच्या वर असेल तर तो मालकाचा पॅनही मागेल.

मुदत संपत आली की कॅलेंडरमध्ये किमान ४५ दिवस आधीची नोंद असावी. ही प्रणाली जुन्या कराराची मुदत वाढवून देत नाही. नव्या मुदतीसाठी नवा दस्त, नवं शुल्क, नवे अंगठे. 'चालू दे तसंच' म्हणून तोंडी वाढवलेल्या महिन्यांना नोंदणीकृत कराराचं संरक्षण नसतं, आणि त्या काळात नेहमीसारखं भाडं घेत राहिल्यास नवी संमती दिल्याचा दावा होऊ शकतो. भाडेकरू राहणार नसेल तर तारखेच्या पंधरा दिवस आधी एकदा घर बघून घ्या, यादीवर खुणा करा. चाव्या घेताना मीटर रीडिंग, डिपॉझिटचा हिशेब आणि 'आज रोजी रिकामा व शांततापूर्ण ताबा दिला' एवढं वाक्य असलेल्या ताबापावतीवर सगळ्या परवानाधारकांच्या सह्या घ्या. मुदतीआधी घर सोडलं जात असेल तर ही पावती आणखी गरजेची, कारण विभागाच्या नोंदीत करार शेवटच्या तारखेपर्यंत चालूच दिसत राहतो.